पांढऱ्या शर्टांवरचे आकडे

दौलत रहाटे आमच्या क्लबाचा किटमन होता. म्हणजे खेळाडूंचे शर्ट, चड्ड्या, मोजे, टॉवेल धुवायचे, वाळवायचे, शर्टांवर नावं आणि आकडे चिकटवायचे, सामन्याच्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये ज्याच्या त्याच्या खुंटीला ज्याचा त्याचा शर्ट लावायचा आणि शेवटी सगळं परत गोळा करायचं. मी त्याच क्लबाच्या अकाउंट्स विभागात. राहायलाही आम्ही दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये एकाच इमारतीत, तो तळमजल्यावर आणि मी तिसऱ्या. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातलं काही मी पाहिलेलं आहे आणि बाकीचं त्याने किंवा त्याच्या बायकोने, प्रभावतीवहिनींनी, वेळोवेळी सांगितलेलं आहे.

दौलत गुहागर तालुक्यातला. दुबईत आला तो एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत हेल्पर म्हणून. तेव्हा मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पात राहायचा. तिथे कपडे वाळत घालायला दोरी मिळवायची तर पहाटे उठावं लागे, असं तो सांगायचा. हॉटेलात आमच्या क्लबाचा एक अधिकारी उतरला होता, त्याला याची इस्त्री आवडली आणि त्याने याला क्लबात आणलं. तिथून पुढे दौलतने दुसरी नोकरी शोधली नाही. लग्न झालं, पगार थोडा वाढला, वहिनी आल्या, रिद्धी इथेच जन्मली.

घडी घालायची त्याची एक ठरलेली रीत होती. बाह्या आत, आकडा वर. ट्रंक उघडली की प्रत्येक शर्टाचा आकडा समोर दिसलाच पाहिजे. घरीही तो तसंच करायचा. रिद्धी कॉलेजात जायला लागली तेव्हा कपाट उघडून ओरडायची, "बाबा, धिस इज अ हूडी! धिस इज नॉट अ वर्ल्ड कप!"

"मग काय झालं? सापडते ना पटकन?" दौलत म्हणायचा.

"त्यांना सांगून उपयोग नाही," वहिनी म्हणायच्या. "माझी पैठणीही तशीच ठेवलीय, आकडा नाही म्हणून पदर वर."

इतकी वर्षं फुटबॉलच्या क्लबात काढून त्याने सामना कधी पाहिला नाही. सामना चालू असताना तो किट रूमबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असे. कुणाचा शर्ट फाटला, कुणाला रक्त लागलं, की दुसरा शर्ट घेऊन पळायचं. गोल कुणी केला हे त्याला वरच्या काँक्रीटमधून येणाऱ्या आवाजावरून कळायचं. आपला असेल तर छत हादरायचं आणि दुसऱ्यांचा असेल तर पंख्याचा आवाज ऐकू यायचा.

मी सांगतो आहे ती गोष्ट त्या वर्षीच्या अंतिम फेरीची. आमचा क्लब आशियातून जिंकून आला होता आणि समोर आफ्रिकेतला विजेता होता, घानातला एक क्लब. दोन खंडांतल्या विजेत्यांचा करंडक, आणि तो दोन सामन्यांत ठरायचा. पहिला त्यांच्या गावी, दुसरा आमच्या. दोन्हींतले गोल एकत्र मोजायचे, ज्याचे जास्त तो जिंकला.

पहिल्या सामन्यासाठी दौलत संघाबरोबर घानाला गेला. हॉटेलात पोचले त्या दिवशी सराव चिखलात झाला, आणि परत येतात तर हॉटेलची वीज गेलेली. कपडे धुवायचं मशीन बंद. जनरेटर लागला तो फक्त दिव्यांपुरता. चिखलाने भरलेल्या कपड्यांच्या पिशव्यांच्या ढिगाऱ्यावर दौलत डोकं धरून बसला होता, तेव्हा त्यांचा किटमन आला. क्वाकू त्याचं नाव. दौलतपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा, उंच, पुढचा एक दात नसलेला. त्याने पिशव्या पाहिल्या आणि काही न विचारता दोन उचलून खांद्यावर टाकल्या.

"कुठे?" दौलतने विचारलं.

"माझ्या घरी. आमच्या घरात विजेवर फक्त रेडिओ चालतो."

दोघांचं बोलणं इंग्रजीत, तेही तुटक. पण कामाचे शब्द दोघांचे एकच होते. क्वाकूच्या अंगणात त्याच्या बायकोने आणि मेहुणीने सगळे कपडे हाताने धुतले. दौलत पिळायला बसला. कोळशाच्या इस्त्रीने क्वाकूने शर्ट फिरवले, आणि आकड्यांवर इस्त्री आली की तो मधे ओला पंचा धरायचा. कारण आकडे रबरासारख्या पातळ पट्टीचे असतात. थेट आच लागली की वितळतात.

"हे तू कुठे शिकलास?" दौलतने विचारलं.

"एकदा आमच्या गोलकीपरचा एक नंबर जाळला. अर्धा महिना तो माझ्याशी बोलला नाही."

दौलतने पैसे पुढे केले तेव्हा क्वाकूने त्याची मूठ पैशांसकट मिटवली. "मी दुबईला येईन तेव्हा माझे तू धू."

"धुतो. आणि माझ्या घरी जेवायचं. माझी बायको मासे करते, तुझ्या गावात तसे मिळणार नाहीत."

"तू आमचे मासे खाल्ले आहेस का?"

"नाही."

"मग कशाला बोलतोस?"

निघताना दौलतने त्याला वहिनींच्या हातच्या मालवणी मसाल्याची बरणी दिली. काचेची बरणी इतक्या लांब न फुटता आली याचं क्वाकूला नवल वाटलं. दौलतने त्याला गुपित सांगितलं. आपली काही जपायची वस्तू असली की ती तो बॅगेत ठेवत नाही, शर्टांच्या ट्रंकेत ठेवतो. खाली दहा शर्ट, वर दहा शर्ट. विमानतळावर कितीही आपटा.

"छान," क्वाकू म्हणाला. "मग मी मॅडमसाठी आमचं पामचं लाल तेल आणतो. माशाला घातलं की बघ."

तो सामना घानाने दोन-एकने जिंकला.

त्याचं आमच्या संघाच्या मुदीरला फार लागलं. मुदीर म्हणजे मॅनेजर. खेळाडूंपासून बूट पुसणाऱ्यापर्यंत सगळे त्याच्या हाताखाली. त्याचा राग हरण्यापेक्षा ढोलांवर जास्त होता. हॉटेलच्या बाहेर त्यांच्या लोकांनी रात्रभर ढोल वाजवून आमच्या संघाला झोपू दिलं नव्हतं. परत आल्यावर त्याने सगळ्या स्टाफला बोलावून सांगितलं, "पाहुण्यांना नियमात असेल तेवढंच द्यायचं. पाणी, बर्फ, खोली. आपली लॉन्ड्री त्यांना बंद. कुणी विचारलं तर मेंटेनन्स. खलास."

पाहुण्या संघाचे कपडे यजमान किटमनने धुऊन द्यायचे ही सगळीकडची रीत आहे. कुठल्या कागदावर ती लिहिलेली नाही. दौलत काहीतरी बोलायला गेला तर मुदीर हसून म्हणाला, "दौलत, तुझं रिन्युअल माझ्याकडे आलंय ना? इन्शाल्ला, फायनल झाली की बघू."

दौलतचं वय झालं होतं. पुढच्या वर्षाचा करार मुदीरच्या शिफारशीवर होता. आणि रिद्धीचं कॉलेजचं एक वर्ष राहिलं होतं. दौलतची नोकरी गेली की तिघांचाही व्हिसा गेला. रिद्धी म्हणायची, "आय विल मॅनेज, बाबा," पण ती कशी मॅनेज करणार, हे तिलाही माहीत नव्हतं.

घानाचा संघ सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी उतरला. दुपारी क्वाकू आमच्या किट रूमच्या दारात उभा राहिला तेव्हा दौलतने त्याला मिठी मारली. मग त्याच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

क्वाकूने दौलतचं ऐकलं होतं. लाल तेलाच्या दोन बाटल्या त्याने शर्टांच्या ट्रंकेत ठेवल्या होत्या, खाली दहा, वर दहा. बाटल्या फुटल्या नाहीत. पण एकीचं झाकण सैल झालं. पांढऱ्या शर्टांवर केशरी डाग पसरले होते. संघाचा दुसरा सेट लाल होता, पण आमचाही रंग लाल. त्यामुळे पांढऱ्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"माझीच चूक," क्वाकू म्हणाला. "पण गरम पाणी आणि तुझा साबण. एका तासाचं काम."

दौलतच्या मागे मशिनं चालू होती. त्यांचा आवाज बाहेर येत होता. तो म्हणाला, "लॉन्ड्री मेंटेनन्सला आहे. मुदीरची ऑर्डर आहे, बॉस."

हे निदान अर्धं खरं होतं. क्वाकूलाही ते समजलं. त्याने मान डोलावली. तोही कुणाच्या तरी ऑर्डरवरच नोकरी करत होता. दौलतने त्याला मुहैस्नाहची एक लॉन्ड्री सांगितली. साइटवरच्या कामगारांचे ओव्हरऑल तिथे धुतात, ग्रीस असो की डांबर, काढून देतात. टॅक्सीपर्यंत तो त्याला पोचवायला गेला. "परवा दुपारी जेवायला यायचं," हेही सांगितलं. "माझी बायको हामूर मासा आणणार आहे."

"तेलाची एक बाटली शिल्लक आहे," क्वाकू खिडकीतून म्हणाला.

त्या लॉन्ड्रीने डाग काढले. एकही राहिला नाही. मग ओव्हरऑल दाबतात त्याच वाफेच्या जाड प्रेसखाली त्यांनी शर्टही दाबले. क्वाकूने नको म्हणून सांगितलं होतं, पण सांगितलं काउंटरवरच्याला, आणि प्रेसवर दुसराच माणूस होता. शर्ट तयार होऊन हातात पडले ते सामन्याच्या दिवशी दुपारी. निम्म्याहून जास्त शर्टांवरचे आकडे वितळून सुरकुतले होते, काहींचे सुटून आले होते.

सामना संध्याकाळी होता. स्टेडियममध्ये माणसं यायला लागली होती. स्टाफचे पास वाटत मी किट रूममध्ये गेलो, तेव्हा दौलत हीट प्रेसवर काम करत होता. आकडे चिकटवायचं मशीन ते. वरची पाटी गरम करून शर्टावर दाबायची की आकडा घट्ट बसतो. एका राखीव खेळाडूच्या शर्टावर तो नाव चढवत होता. मागच्या फळीवर कोऱ्या पांढऱ्या शर्टांना लागतात तसले काळे आकडे शून्यापासून नऊपर्यंत खोक्यांत भरलेले होते. मी त्याला पास दिला आणि वर गेलो.

पुढचं त्याने सांगितलेलं. दारावर टकटक झाली. त्याने दार थोडं उघडलं आणि त्या फटीत स्वतः उभा राहिला. क्वाकूच्या दोन्ही हातांवर शर्ट होते, मूल धरावं तसे.

"मिस्टर दौला. लॉन्ड्री नको. फक्त तुझी हीट प्रेस आणि थोडे आकडे. अर्धा तास. मीच चिकटवतो, तू हात लावू नकोस."

लॉन्ड्रीबद्दल मुदीरने सांगितलं होतं. हीट प्रेसबद्दल त्याने एक अक्षर काढलं नव्हतं. तो त्या वेळी तिथे नव्हताही, वर व्हीआयपी पाहुण्यांबरोबर होता. कॉरिडॉर रिकामा होता. दौलतने नंतर माझ्याकडे हेच पुन्हा पुन्हा सांगितलं, "वासूभाऊ, कुणी बघत नव्हतं हो. कुणी नको म्हटलंच नव्हतं."

पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर घानाचे अकरा खेळाडू आमच्या आकड्यांचे शर्ट घालून मैदानावर उभे राहिले, आणि ते आकडे ओळखणारा मुदीर. तो म्हणाला, "मशीन खराब आहे."

"खराब?"

"गरम होत नाही. सकाळपासून."

क्वाकूने हातांवरचे शर्ट सावरले. मग "ओके, ओके," म्हणाला, आणि शर्ट छातीशी धरून गेला. दौलतने दार लावलं. राखीव खेळाडूचा शर्ट पाटीखालून काढायचा राहिला होता. त्याच्या नावाची कड करपली होती.

घानाच्या ड्रेसिंग रूममध्ये त्यांच्या फिजिओकडची काळी चिकटपट्टी कापून क्वाकूने आकडे केले. अधिकाऱ्यांनी कुरकुर करून परवानगी दिली. मी स्टँडमधून पाहत होतो. खेळाडू मैदानात आले तेव्हा लोक हसले. एकाच्या पाठीवरचा सात वाकडा होता, दुसऱ्याचा आठ दोन चौकोनांचा. माझ्या मागचा एक जण ओरडला, "अरे, ये तो गली क्रिकेट की टीम है!" रिद्धी माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अंकल, दॅट्स सो मीन," आणि हसणाऱ्याकडे वळून बघत राहिली.

पहिल्या अर्ध्यातच आमचा एक गोल झाला. आता दोन्ही सामने मिळून दोन-दोन. दुसऱ्या अर्ध्यात दुबईच्या दमट हवेत घाम त्या पट्ट्यांना लागला आणि त्या सुटायला लागल्या. कुणाची कड लोंबायची, तो हाताने दाबायचा. मग त्यांच्या मधल्या बचावपटूच्या पाठीवरचा आख्खा आकडा गळून पडला. पंचाने खेळ थांबवून त्याला बाहेर पाठवलं. आकडा लावून ये, मग खेळ. बाजूच्या रेषेवर गुडघ्यांवर बसून क्वाकू त्या ओल्या पाठीवर नवी पट्टी बसवत होता आणि ती बसत नव्हती. तो आधी टॉवेलने पाठ पुसायचा, तोवर पुन्हा घाम यायचा. मैदानावर त्यांचे दहाच होते, आणि ज्या जागी तो बचावपटू असायचा त्याच जागेतून आमचा खेळाडू आत शिरला.

खाली कॉरिडॉरमध्ये छत हादरलं.

आम्ही जिंकलो. मैदानावर कागदाचे तुकडे उडाले. खेळाडूंबरोबर स्टाफलाही पदकं मिळाली. मुदीरने दौलतला स्वतः ओढून नेऊन रांगेत उभं केलं आणि म्हणाला, "हबीबी, तू पण चॅम्पियन!" दौलत मैदानाच्या गवतावर उभा राहिला तो पहिल्यांदाच, असं मला वाटतं. फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघत नाही. ज्या बोगद्यातून पाहुणे आत गेले तिकडे बघतो आहे.

सगळे गेल्यावर तो पाहुण्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये गेला. हरलेल्या संघाची खोली कशी असते हे त्याला माहीत होतं. बाटल्या, पट्ट्या, फेकलेले मोजे. ती खोली झाडलेली होती. आमचे टॉवेल घडी करून बाकावर रचले होते. दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने त्याला टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली दिली. "वो लंबा आदमी बोला, मॅडम के लिए।"

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचं ठरलेलं होतं. त्यांचं विमान रात्रीचं होतं. दौलत सकाळी क्वाकूला आणायला म्हणून घरातून निघाला, आणि हॉटेलपर्यंत गेलाच नाही. मेट्रो स्टेशनवरच्या बाकावर बसून राहिला. दुपारी एकटाच घरी परतला. वहिनींनी हामूरचं कालवण केलं होतं, सोलकढी केली होती, पाहुण्याला तिखट झेपणार नाही म्हणून एक तुकडा वेगळा काढून ठेवला होता.

"पाहुणे कुठेत?"

"त्यांची फ्लाइट लवकर निघाली."

"अहो, फोन तरी करायचात. मी डब्यात भरून दिलं असतं."

रिद्धी म्हणाली, "बट द फ्लाइट इज ॲट नाइन, बाबा. आय चेक्ड." दौलत हात धुवायला आत गेला. त्या दिवशी जेवायला मलाही बोलावलं होतं. वेगळ्या काढलेल्या तुकड्याचं ते ताट वहिनींनी माझ्यापुढे ठेवलं, आणि मी ते खाल्लं.

करार झाला. एका वर्षाचा. रिद्धीचं कॉलेज पूर्ण झालं. क्वाकूचे व्हॉट्सॲपवर मेसेज यायचे, कधी फुलांचे, कधी रविवारच्या प्रार्थनेचे. दौलत ते उघडायचा, पण उत्तर द्यायचा नाही. लाल तेलाची बाटली स्वयंपाकघरात होती. एसीच्या गारव्याने ते तेल लोण्यासारखं घट्ट झालं होतं. वहिनींनी एकदा वापरू का विचारलं तर दौलत म्हणाला, "राहू दे." पदक त्याने कुठे ठेवलं ते मी विचारलं नाही.

रिद्धीच्या पदवीदानाचा फोटो त्याने स्टेटसला लावला. त्या संध्याकाळी मी पेढे घ्यायला खाली त्यांच्याकडे गेलो होतो. त्याचा फोन वाजला, व्हिडिओ कॉल. नाव बघून तो फोन तसाच धरून राहिला. रिद्धीने तो त्याच्या हातातून घेतला आणि उचलला.

"अंकल क्वाकू!"

"डॉक्टर!" पलीकडून मोठं हसू आलं. पुढचा दात अजून नव्हताच.

"नो, नो, जस्ट बीकॉम."

"तेही एक दिवस डॉक्टर होईल."

मग वहिनींना बोलावून झालं. "मॅडम, तेल?"

"व्हेरी गुड, व्हेरी टेस्टी," वहिनी म्हणाल्या. खोटं बोलताना त्या लाजल्या. त्याने पुढे काही विचारायच्या आधीच त्यांनी मसाल्याबद्दल विचारलं. त्याच्या बायकोने तो वर्षभर पुरवला होता.

शेवटी फोन दौलतकडे आला. तो खुर्चीवर ताठ बसला. क्वाकू आता क्लबात नव्हता. "ते म्हणाले, म्हातारा शर्टात तेल घालतो." तो हसला. अंगणातच इस्त्रीचं दुकान टाकलं होतं, मागे दोरीवर कपडे दिसत होते. "बरोबरच आहे. चूक माझीच. झाकण मी बघायला हवं होतं."

दौलत म्हणाला, "नाही, नाही, बॉस."

मग क्वाकूने विचारलं, "मिस्टर दौला, ते तुझं मशीन? दुरुस्त झालं?"

खोलीत आम्ही सगळेच होतो. रिद्धी पेढ्याचा बॉक्स बंद करत होती. दौलतचे ओठ हलले. मला वाटलं, आता सांगेल. क्वाकूही पलीकडे घाई न करता बघत होता.

"हो," दौलत म्हणाला. "झालं."

"गुड. गुड. मशीन आहे, बिघडायचंच." त्याने हात हलवला आणि फोन बंद झाला.

मी निघालो. दौलत लिफ्टपर्यंत सोडायला आला. एरवी तो येत नाही, तळमजल्यावरून कोण कुणाला सोडतं. बटण दाबून तो पॅनेलवरचा दिवा बघत राहिला.

"हीट प्रेस गरम असली ना, वासूभाऊ, की वास येतो. रबर भाजल्यासारखा. मला कॉरिडॉरच्या टोकापासून येतो." त्याने पुन्हा बटण दाबलं. "मी दार उघडलं तेव्हा तो माझ्याहून हातभर लांब होता. आणि जन्मभर हेच काम केलेला माणूस."

लिफ्ट आली.

"आज विचारलं त्याने," दौलत म्हणाला. "आज तरी सांग, म्हणूनच विचारलं असेल."

दार लागायला लागलं तसा त्याने हात घालून ते अडवलं. मग त्याने हात काढून घेतला.